केळुसकरांची जर्मन बोट

केळुसकर भाऊजींच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहापाणी विचारायच्या आधी ते बोट दाखवत. हॉलमध्ये जिथे चारचौघांकडे टीव्ही असतो, तिथे त्यांनी एक लांबलचक टेबल टाकलं होतं आणि त्याच्यावर एक लाकडी बोट वर्षानुवर्षं बांधून होत होती. पाहुणा बापडा "छान आहे हो, गलबत का?" असं काहीतरी बोलायचा आणि अडकायचा. "गलबत नव्हे. टॉर्पेडो बोट. दुसऱ्या महायुद्धातली, जर्मन," इथून जी सुरुवात व्हायची ती तिच्या बॉयलरपर्यंत जाऊनच थांबायची. तोवर पाहुण्याचा घसा सुकलेला असे. शेवटी मीच त्यांच्याकडे कुणी आल्याची चाहूल लागली की आमच्या घरून चहा पाठवायला लागले. आमचं दार त्यांच्या दारासमोरच होतं.

आम्ही तेव्हा मस्कतला होतो. तिथल्या मत्रहच्या बंदरात जहाजं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं. आमचे हे तिथे स्टोअरमध्ये आणि केळुसकर डॉकवर इंजिनिअर. बायको शालिनीताई मालवणजवळच्या गावात शाळेत शिकवायच्या आणि घरी थोरल्या काकीला सांभाळायच्या, म्हणून ते मस्कतमध्ये एकटेच राहत. शुक्रवारी सकाळी आम्ही भाजीला अल मवालेहच्या मोठ्या बाजारात जायचो, तर हे गृहस्थ मत्रहच्या मासळी बाजारात. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून तिरफळाचा वास जिना उतरत जायचा. आम्ही साताऱ्याकडची माणसं. मासा म्हणजे काट्यांची जुडी, असं माझं मत होतं. भाऊजींनी मला सुरमईपासून सुरुवात करून दिली आणि बांगड्यापर्यंत आणून सोडलं. त्या उपकारापोटी मी त्यांचे बॉयलर ऐकून घ्यायची.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "आधी दुखणं विचारा." जहाज डॉकमध्ये आलं की पत्र्याला हात लावायच्या आधी ते त्याचा सगळा इतिहास विचारून घ्यायचे. कुठे आपटलं, कधी आपटलं, मागच्या डॉकवाल्याने काय केलं. आणि त्यांचा सगळ्यात मोठा राग होता डबलरवर. तळाचा पत्रा कुजला की तो कापून काढून नवा बसवायचा, हे खरं काम. पण घाईत असलेले लोक कुजलेला पत्रा तसाच ठेवून त्याच्यावरून दुसरा वेल्ड करतात, त्याला डबलर म्हणतात. वरून जहाज चकाचक, आत कूज चालूच. भाऊजी हा शब्द जगातल्या कुठल्याही गोष्टीला लावायचे. आमच्या सईला गणितात मार्क कमी पडले आणि ह्यांनी तिला ट्यूशन लावली, तर म्हणाले, "डबलर मारताय तुम्ही. पोरीचे पाढेच कच्चे आहेत." लग्नाला निघताना मी जरा पावडर जास्त लावली तरी मला त्यांची भीती वाटायची.

तर ही बोट. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. त्या जातीच्या बोटींना नंबरच देत म्हणे. भाऊजींना ते फार लागे. आमच्याकडे माडाखालच्या पगाराला, म्हणजे एवढ्याशा होडीला सुद्धा नाव असतं, म्हणायचे, आणि ह्या जर्मनांनी बारसं न करता पोर लढाईवर धाडली. मग त्यांनी स्वतःच तिला "बाय" म्हणायला सुरुवात केली. "आज बायचं धुराडं बसवलं वहिनी." मी विचारायची, बरी आहे ना तब्येत?

बाय त्यांच्या आयुष्यात आली ती क्लाउसमुळे. क्लाउस हा त्यांच्या वर्कशॉपमधला जर्मन सल्लागार. साठी ओलांडलेला, उंच, बायको वारलेली, बोलायला गोड. केळुसकर आणि तो जहाजाच्या पोटात एकत्र शिरायचे आणि काळेठिक्कर होऊन एकत्र बाहेर यायचे. क्लाउसला सोलकढीचं वेड लागलं. दर शुक्रवारी जेवायला यायचा, आम्हीही असायचो. त्याचा बाप लढाईत ह्याच नंबरच्या टॉर्पेडो बोटीवर बॉयलरवर कामाला होता, हे कळलं तेव्हा भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला.

कारण भाऊजींचे थोरले काका आगवाले होते. इंग्रजांच्या मालवाहू आगबोटीवर कोळसा ओढून बॉयलर पेटता ठेवणारा, तो आगवाला. त्याच लढाईत इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात एका रात्री त्यांची आगबोट टॉर्पेडो लागून बुडाली. काका परत आले नाहीत आणि मेल्याचीही खबर आली नाही. नुसतं 'बेपत्ता'. काकी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची पोर. नवऱ्याबरोबर एक पावसाळा काय तो संसार झालेला. अशा बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो सुटला, अशी रीत आहे. गावचे जाणते तीन वेळा ते सांगायला आले, भटजीही आले. काकीने सगळ्यांना पडवीतूनच परत पाठवलं. "मढा दाखवा, मगे कुकू पुसतंय." ते कुंकू तिने नव्वदीला टेकेपर्यंत लावलं. भाऊजींची आई लवकर गेली, ह्या काकीनेच त्यांना वाढवलं. गावात बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर कुजबुजायच्या. ती न बोलावता जायची आणि पुढे होऊन कपाळ द्यायची.

भाऊजींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: काकी जायच्या आधी तिला काकांचं खरं काय झालं ते सांगायचं. जहाजांच्या धंद्यात ते शिरलेच त्यासाठी, असं मला कधीकधी वाटतं.

त्या जेवणांमधलं एक सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच फिरलं. सईला नाक टोचून हवं होतं आणि मी नको म्हणत होते. भाऊजी म्हणाले, टोचा की, आमच्याकडे तर थोरल्या काकांचंही नाक टोचलेलं होतं. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून नवसाच्या मुलाचं नाक टोचून ठेवायचं, यमाला मुलगी वाटावी म्हणून. काका बोटीवर गेले तेव्हा बाळी काढली, पण भोक राहिलं. क्लाउस खूप हसला. दाढीवाला खलाशी आणि नाकाला भोक! आम्हीही हसलो आणि भाताकडे वळलो. सईचं नाक राहिलंच.

पुढे बरेच महिने गेले. क्लाउस बोटीच्या गोष्टी सांगायचा, भाऊजी त्या ऐकून बोट बांधायचे. ती त्याच समुद्रात होती, रात्री निघायची, पहाटे परतायची. तिच्या अंगावर पांढरे-काळे तिरपे पट्टे होते, म्हणून भाऊजींनी ते रंगवले. आणि मग एका शुक्रवारी, सोलकढीची वाटी हातात धरून, क्लाउसने सांगितलं की एक गोष्ट त्याने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. एका रात्री त्या बोटीने एक इंग्रज आगबोट बुडवली. पण कप्तान माणूस होता. त्याने बोट थांबवली, बाजूने जाळं सोडलं आणि पाण्यातून चार सावळे खलाशी वर ओढले. त्यातला एक फार गारठला होता. क्लाउसच्या बापाने त्याला ऊब मिळावी म्हणून बॉयलरजवळ नेलं, आपला कोट घातला. पहाटे तो गेला. त्याला कॅनव्हासमध्ये शिवून, सलाम करून समुद्रात सोडलं. बापाला तो कायमचा लक्षात राहिला, कारण त्याच्या नाकाला भोक होतं.

आमच्या ह्यांनी डोळे पुसले. नाक टोचल्याची गोष्ट ह्याच टेबलावर झाली होती, हे आमच्यापैकी एकालाही त्या क्षणी आठवलं नाही. केळुसकर उठले आणि त्यांनी क्लाउसचे दोन्ही हात धरले. नंतर मला म्हणाले, "वहिनी, दोघेही आगवाले. माझा काका आगवाल्याच्या हातात गेला." त्यांच्या वाडीत सगळी घरं खलाशांची. बोटीवरच्या माणसाने बोटीवरच्या माणसाच्या मरणाचा निरोप आणला, तर तो तपासायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत. दारूडा, जुगारी कसाही असो, त्या एका बाबतीत कुणी खोटं बोलत नाही. जहाजाचा प्रत्येक पत्रा हातोडीने वाजवून बघणारा हा माणूस, त्याने हा पत्रा वाजवला नाही.

भाऊजी रजा टाकून गावी गेले. पंधरवड्याने परत आले ते डोकं भादरून. काकीने सगळं ऐकून घेतलं होतं. नाकाच्या भोकाशी आल्यावर म्हणाली होती, "तोच." मग स्वतः उठून, कुणाला हात लावू न देता, तिने पदराने कुंकू पुसलं. दर्भाचा पुतळा झाला, भाऊजींनी अग्नी दिला. त्या रात्री काकी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपली, असं शालिनीताईंनी फोनवर सांगितलं.

वर्कशॉपचा अर्बाब, म्हणजे मालक, जुन्या वळणाचा ओमानी माणूस. तो ते डोकं बघून मुद्दाम डॉकवर आला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. काका, भाऊजी म्हणाले. कधी? तर म्हणाले, लढाईत. अर्बाब गोंधळला, पण काकांसाठी दुआ मागूनच गेला. क्लाउस तिथेच उभा होता. त्याने ते डोकं पाहिलं, विधीची सगळी हकिगत ऐकली. भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. आणि शुक्रवारी जेवायला आला.

बोट पुरी होत आली होती. फक्त ते जाळं राहिलं होतं, ज्याच्यावरून काकांना वर घेतलं. ते डाव्या बाजूला लावायचं की उजव्या, ह्यात भाऊजी अडकले होते. क्लाउसला ते सांगता येईना. अशात एका जहाजाच्या तपासणीला डेन्मार्कचा एक म्हातारा सर्व्हेअर आला. त्याला ह्या जुन्या बोटींचा नाद आहे असं कळल्यावर भाऊजींनी त्याला धरूनच घरी आणलं. मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन गेले. म्हातारा चष्मा लावून बोटीभोवती फिरला, कामाची तोंड भरून स्तुती केली, नंबर वाचला आणि म्हणाला, पण हे पट्टे कशाला? ही तर साधी राखाडी होती. भाऊजींनी चॅनेलचं, म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या त्या समुद्राचं नाव काढलं.

"चॅनेल? ती तिकडे कधी गेलीच नाही," म्हातारा म्हणाला. "तिची दुखणीच संपली नाहीत. सगळी लढाई तिकडे बाल्टिक समुद्रातच."

भाऊजींनी काकांची आगबोट बुडाली तो हिवाळा सांगितला. म्हातारा सहज म्हणाला, तेव्हा ती डॉकमध्ये होती, तिचे बॉयलरच बाहेर काढलेले होते. त्याला काय माहीत, तो काय बोलतोय ते. चहा पिऊन, बोटीचा फोटो काढून तो गेला. भाऊजी त्याला खालपर्यंत सोडून आले, टेबलाशी बसले आणि मला म्हणाले, "नाकाचं मीच सांगितलं होतं. नाही का वहिनी? सईचं नाक टोचायचं चाललं होतं तेव्हा."

तरी त्यांनी घाई केली नाही. आधी दुखणं विचारलं. महिनाभर जुन्या बोटींच्या नादिष्ट लोकांना ते दूरदूर विचारत राहिले. बायची पुरी कुंडली निघाली. लढाई अर्धी झाल्यावर नौदलात आली. बॉयलर पहिल्यापासून आजारी. थोडे दिवस पाण्यात, बरेच दिवस डॉकमध्ये, मधल्या वेळात नवशिक्या पोरांना टॉर्पेडो सोडायला शिकवायची. शत्रूचं जहाज तिने कधी जवळून पाहिलं नाही. "कुणाला बुडवलं नाही न् पाण्यातून कुणाला काढलं नाही," भाऊजी म्हणाले. "दुखण्यातच गेली बिचारी."

मग त्यांनी क्लाउसला बोलावलं. शुक्रवारीच, पण जेवायला नाही. मला आणि ह्यांना म्हणाले, तुम्ही बसा, तुम्हीही ते ऐकलं होतं. स्टोव्ह बंद होता. ते घर इतकं बिनवासाचं मी कधी पाहिलं नव्हतं.

क्लाउसने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, माझा बाप लढाईबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. तुझ्याकडे काकी होती, तिच्या गोष्टी होत्या. माझ्याकडे फक्त एक नंबर होता. तू इतका तळमळत होतास. मला वाटलं, एक गोष्ट दिली तर तुझं मन शांत होईल. तू ती गावी नेशील, कुंकू पुसलं जाईल, हे मला कुठे ठाऊक होतं?

"मी डोकं भादरून आलो तेव्हा तरी ठाऊक झालं ना?" केळुसकर म्हणाले.

क्लाउस हळूच म्हणाला, पण ती झोपायला लागली ना रे आता?

भाऊजी ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, मी तर हातातली किल्ली घट्ट धरून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "ती जागी होती ते तिचं होतं. ते तू माझ्या हाताने काढून घेतलंस." आणि जाऊन दार उघडून धरलं. क्लाउस माझ्याकडे बघून काही बोलणार होता. मी नजर दिली नाही. मला त्याचा इतका राग आला होता की त्याने इतकी वर्षं माझ्या घरचा चहा प्यायला, ह्याचाही राग आला.

पुढे मालाची जहाजं सोहारच्या बंदरात जायला लागली आणि मत्रहला पर्यटकांच्या पांढऱ्या बोटी तेवढ्या उरल्या. वर्कशॉपचं काम आटलं, क्लाउस जर्मनीला परत गेला. निरोपाच्या पार्टीला केळुसकर गेले नाहीत. त्या दिवशी ते घरी बोटीचे पट्टे खरवडत होते. पट्टे काढून त्यांनी ती साधी राखाडी रंगवली. मी म्हटलं, फेकून का देत नाही भाऊजी? तर म्हणाले, बोटीचा काय गुन्हा? आणि मग मला मागाहून कळलेली एक गोष्ट सांगितली. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात ही आजारी बोट खरोखरच बायकापोरं भरभरून आणत होती, गोठलेल्या समुद्रातून, रशियन फौजांपुढून पळून निघालेली. म्हणजे क्लाउसच्या बापाने माणसं वाचवली होती, आणि क्लाउसला ते माहीत नव्हतं. मी विचारलं, सांगितलंत त्याला? ब्रश तसाच चालू ठेवून म्हणाले, "नाही. त्याला कशाला सांगू?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं एवढं एकच वाईट वाक्य मला आठवतं. मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं का बोलू.

काकीचं काय, हे मात्र त्यांना विचारायची माझी हिंमत होत नव्हती. ते एकदा रजेवर गेले होते, तिला खरं सांगायचंच असं ठरवून. परत आले तेव्हा मी नुसतं बघितलं. ते म्हणाले, पांढऱ्या कपाळाने पडवीत बसली होती. आता परत लाव असं कसं सांगू? आणि कुणाच्या नावाने लाव सांगू? एकदा अग्नी दिलेला माणूस परत बेपत्ता कसा करतात, त्याला आमच्याकडे रीत नाही वहिनी.

आम्ही मस्कत सोडलं त्याच्या आदल्या शुक्रवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं. सामान बांधून झालं होतं. त्यांचे डबे परत करायला गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊजी बाल्कनीत पाठमोरे फोनवर बोलत होते. आत टेबलावर राखाडी बोट, तिला जाळं नव्हतं. मी डबे ठेवून परत फिरणार होते, पण काकीचा आवाज फोनमधून इतका खणखणीत येत होता की पाय थबकले. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, तशी ती बोलत होती. दर शुक्रवारी ती तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायची, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊजी सांगत होते. रात्र, जाळं, कोट, बॉयलरची ऊब. कुठेही अडखळत नव्हते. आवाज अगदी हसरा होता.

गोष्ट संपली. तिकडून काकी म्हणाली, "जाताना तेणां माझा नाव घेतल्यान काय रे?"

केळुसकरांनी मोकळा हात कठड्यावर ठेवला. समोर आमच्या रुवी भागातल्या गच्च्या होत्या आणि त्यांच्यामागे उघडे डोंगर.

"घेतल्यान गो काकी," ते म्हणाले. "दोनदा घेतल्यान."